कुणाचीही हरकत नाही

बनशंकरी, बंगळूर
१५ जून १९९७

प्रिय अक्का,

मागच्या आठवड्यातल्या पत्रात मी एक गोष्ट चुकीची लिहिली. ती आधी दुरुस्त करते.

मी लिहिलं होतं, 'माझा विरोध डावलून समितीने पूर्वतयारीचा पेपर काढून टाकला.' विरोध मी केलाच नव्हता. पत्र पेटीत टाकून घरी आले आणि जेवायला बसल्यावर ते लक्षात आलं. खोटं लिहावं असं मनात नव्हतं. त्या बैठकीत मी आतल्या आत इतकं बोलत होते की लिहिताना ते सगळं तोंडाने बोलल्यासारखं वाटलं. पण खोलीत कुणालाही ते ऐकू गेलेलं नाही.

माझी आधीची पत्रं तू फोडलीस की तशीच ठेवून दिलीस हे मला माहीत नाही. म्हणून पहिल्यापासून सांगते.

आमच्या कॉलेजात या वर्षी बी.एस्सी.चा नवा अभ्यासक्रम सुरू व्हायचा आहे. भौतिकशास्त्र, गणित आणि कॉम्प्युटर. बंगळुरात सध्या ज्याला त्याला कॉम्प्युटर हवा आहे. आमच्या गल्लीतल्या टेलरनेही दुकानाच्या वरच्या मजल्यावर क्लास काढायला जागा दिली आहे. नव्या अभ्यासक्रमातला प्रत्येक पेपर आधी कॉलेजच्या समितीपुढे येतो. समितीने संमत केला की पुढे विद्यापीठाकडे जातो. समितीत गणिताकडून आम्ही दोघं, विभागप्रमुख पद्मनाभ सर आणि मी. पद्मनाभ सर म्हणजे अण्णांचे शाळेतले विद्यार्थी. मला इथे घेतलं ते त्यांनीच. मी अजून कायम झालेली नाही, आणि त्या टेबलाशी सगळ्यांत लहान आहे.

पूर्वतयारीचा पेपर मी तयार केला होता. गेल्या वर्षी तो जुन्या अभ्यासक्रमात करून पाहिला. खेड्यातून, कन्नड माध्यमातून आलेल्या मुलींसाठी पहिल्या टर्मचे सुरुवातीचे आठवडे. त्यांना गणित येत असतं. पण फळ्यावर इंग्रजीत लिहिलेलं आणि आपल्याला येतं ते एकच आहे, एवढं त्यांना कळत नाही, आणि ते कळेपर्यंत परीक्षा येते. मी दोन्ही भाषांत शिकवायचे. कनकपुराकडची शिवलीला नावाची मुलगी पहिला महिना मान वर करून बघत नव्हती. दिवाळीनंतर ती एकदा उठली, फळ्यापाशी आली आणि मी विसरलेलं ऋण चिन्ह तिने खडूने काढलं. मग लाजून पळत जागेवर गेली.

बैठकीत पद्मनाभ सर म्हणाले, "कॉम्प्युटरच्या प्रॅक्टिकलला तास पुरत नाहीत. पूर्वतयारी काढून टाकू. ज्यांना पूर्वतयारी लागते त्यांना या कोर्सला घ्यायचंच नाही, मुलाखतीतच कळेल." प्रिन्सिपल मॅडमनी चष्म्यावरून सगळ्यांकडे पाहिलं. "एनी ऑब्जेक्शन?" मी सरांकडे बघत गप्प राहिले. मॅडमनी पान उलटलं आणि रसायनशास्त्र सुरू झालं.

बाहेर आल्यावर अंजलीने मला धरलं. ती भौतिकशास्त्र शिकवते, मूळ पुण्याची, नवऱ्याच्या नोकरीमुळे इंदिरानगरला राहते.

"अगं, तुझाच पेपर ना तो? बोलली का नाहीस?"

"मी गप्प होते ना."

"तेच तर म्हणतेय मी."

"गप्प होते म्हणजे मला पटलं नव्हतं."

ती माझ्याकडे बघतच राहिली. "बाई गं, मीटिंगमध्ये गप्प म्हणजे येस. कुठल्या गावाहून आलीस तू?"

"मी इथलीच. आमच्या घराला इथे साडेतीनशे वर्षं झाली."

"मग एव्हाना कळायला हवं होतं."

तिला काय सांगणार? तुला सांगता येईल. दम्यामुळे चौथीपर्यंत मला शाळेत घातलं नव्हतं. अण्णा शाळेत दुसऱ्यांच्या मुलांना गणित शिकवायचे आणि घरी मला तू शिकवायचीस, अण्णांनी तुला शिकवलं होतं तसंच. गणित सांगून झालं की तू कन्नडमध्ये विचारायचीस, "सरी?" म्हणजे, कळलं ना? कळलं असेल तर मी "सरी" म्हणायचं. कळलं नसेल तर तसं म्हणावं लागत नसे. नुसतं गप्प राहायचं. की तू न रागावता पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू करायचीस. सव्वीस वर्षांची मी, पगार घेणारी, पण त्या दिवशी टेबलाशी बसून सर पुन्हा पहिल्यापासून सांगतील म्हणून वाट बघत होते.

घरी येताना बसमध्ये तू आठवलीस. तुला बघायला आलेली तंजावरची माणसं बाहेर बसली होती, अण्णांनी आत येऊन तुला विचारलं आणि तू गप्प राहिलीस. आपल्या घरात गप्प राहण्याचा अर्थ अण्णांएवढा कुणाला माहीत होता? तरी त्यांनी तो होकार मानला. आईच्या दिवसांना आलीस तेव्हाही तू अण्णांशी एक शब्द बोलली नाहीस, तेव्हा मला तुझा राग आला होता. आता माझंही तुझ्यासारखंच झालं, म्हणून हे लिहायला धीर आला.

उत्तर दिलं नाहीस तरी चालेल. पण मागचं वाक्य खोडून टाक.

तुझी
भव्या


२७ जून १९९७

प्रिय अक्का,

तू काल फोन केलास. ऑफिसमधले मल्लाप्पा वर्गाच्या दाराशी आले आणि म्हणाले, "मॅडम, तंजावूर फोन." मी खडू हातात घेऊनच धावले. वाटेत मी किती जणांना मारून टाकलं मनातल्या मनात, ते तुला सांगत नाही.

जे बोलणं झालं ते मी इथे लिहून काढते. ऐकण्यात चूक झाली असेल तर कळव.

तू म्हणालीस, "बूथवरून बोलतेय. मीटर पळतोय, तू फक्त ऐक. तू लिहिलंस की मी गप्प राहिले. तू होतीस तिथे?"

"मी स्वयंपाकघरात होते. आईने मला केसरीबात ढवळायला बसवलं होतं."

"मग कुणी सांगितलं तुला?"

"सगळेच म्हणतात. आई म्हणायची. अण्णा म्हणतात."

"मी गप्प नव्हते, भव्या. अण्णांनी विचारलं आणि मी म्हटलं, नको, मला कॉलेजात जायचंय. तोंडाने म्हटलं. तू म्हणतेस तसं आतल्या आत नाही."

तू दोनदा "हॅलो" म्हणालीस.

मग तू म्हणालीस, "मला बाकी काहीही म्हण. हट्टी म्हण. इथे मला काही त्रास नाही, व्यंकोजीराव भले गृहस्थ आहेत, खोटं का बोलू. पण मी हो म्हटलं असं त्या घरात सगळे धरून चालतात ना, म्हणून मला ती पायरी चढवत नाही. तुझ्या पत्रातही तेच होतं. बरोबर आहे, तुलाही तेच सांगितलं असणार."

मी विचारलं, "तू बरी आहेस ना?" आणि तू म्हणालीस, "लोक रांगेत उभे आहेत, ठेवते." एवढंच बोलणं झालं. तुझा आवाज जाड झाला आहे. आईचा उतारवयात झाला होता तसा.

तेव्हा ही दुसरी दुरुस्ती, आणि ती पहिलीपेक्षा मोठी आहे. मी माझं गप्प राहणं तुझ्या शेजारी नेऊन ठेवलं होतं. ते तिथून उचलते. तू बोलली होतीस. मला बोलायला जागा दिली होती, नाव घेऊन विचारलं नसलं तरी सगळ्यांकडे बघून विचारलं होतं, आणि मी बोलले नाही.

त्याच दुपारी बैठकीचं टिपण वाचायला आलं. त्यात आहे, 'पूर्वतयारीचा पेपर वगळण्यास सर्व सदस्यांची संमती. कुणाचीही हरकत नाही.' मी ते पुन्हापुन्हा वाचलं. दुसरं वाक्य खरं आहे. हरकत मी घेतली नव्हती, ती घेतली होती असं आता म्हणणं म्हणजे तुला लिहिलेली चूक पुन्हा करणं. पण पहिलं वाक्य खरं नाही. संमती मी दिली नव्हती. हरकत घेतली नाही म्हणजे संमती दिली का, हाच विचार मी कालपासून करते आहे, शिकवतानाही. आजच्या तासाला मुली म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही तीच बेरीज परत लिहिली."

अण्णांना तुझ्या फोनचं अजून सांगितलेलं नाही. त्यांच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन सोमवारी झालं. डॉक्टरांनी ताण द्यायचा नाही म्हणून बजावलं आहे.

तुझी
भव्या


६ जुलै १९९७

प्रिय अक्का,

विचारायचं नाही असं ठरवलं होतं. पण मंगळवारी सकाळी अण्णा कॉफी पीत बसले होते, आणि तोंडातून गेलं.

"अण्णा, तंजावरची माणसं आली तेव्हा अक्का काय म्हणाली होती?"

"काय म्हणणार? गप्प होती." त्यांनी पेला खाली ठेवला. "कॉफीत साखर स्वल्प जास्त झाली आज."

मी पुढे काही विचारलं नाही. त्यांनी दोन दिवस माझ्याशी फक्त डोळ्याबद्दल आणि जेवणाबद्दल बोलणं ठेवलं.

त्यांच्या डोळ्यात थेंब मी घालते. ते पाटाची उशी करून खाटेवर आडवे होतात (आई ओरडायची तरी सवय गेली नाही), मी पापणी धरते, थेंब पडला की काही वेळ डोळे मिटून पडायचं असतं. शुक्रवारी संध्याकाळी तसे पडलेले असताना ते म्हणाले,

"ती नको म्हणाली होती."

मी बाटलीचं झाकण लावत होते.

"कॉलेजात जायचंय म्हणाली. तुझी आई म्हणाली, लाजतेय, सगळ्याच मुली आधी नको म्हणतात. बाहेर माणसं बसलेली. कॉफी देऊन झाली होती. मुलगा चांगला होता, ते खोटं नाही. मी म्हटलं, गप्प राहिली असं धरू."

"असं धरू?"

"हं."

"अण्णा, गणितात काही धरलं तर शेवटी ताडून बघायचं, हे तुम्हीच शिकवलंत."

"ताडून बघितलं नाही," ते म्हणाले. "बघितलं असतं तर काय निघणार ते माहीत होतं."

डोळ्यातून पाणी आलं ते थेंबांचं की त्यांचं हे मला सांगता येणार नाही. जे दिसलं नाही ते मी लिहिणार नाही.

मग मी त्यांना तुझ्या फोनचं सांगितलं. तू जे म्हणालीस ते जसंच्या तसं, पायरीचं वाक्यसुद्धा. ते ऐकून ते म्हणाले, "तिला लिही. लिही की अण्णांचं चुकलं."

मी म्हटलं, "नाही लिहिणार."

"का?"

"ते माझ्या हातचं नाही, अण्णा. तुमच्या तोंडचं काहीतरी मी तिला लिहिलं तर ती का मानेल? आधीच तिच्या तोंडचं आपण बरंच लिहिलंय. डोळा बरा झाला की तुम्ही लिहा."

ते गप्प राहिले. त्याचा मी काही अर्थ धरलेला नाही.

हे सगळं तुला कळवायचं की नाही यावर मी शनिवार काढला. 'लिही' म्हणून त्यांनी सांगितलेलं मी वर लिहिलंच, म्हणजे एका परीने ते लिहिणार नाही म्हणून लिहून टाकलं. हे मला आत्ता लक्षात आलं. पण आता खोडत नाही. तू त्याला त्यांचं पत्र समजू नकोस एवढंच.

मला तुझ्यासाठी वाईट वाटतं असं लिहिणार होते. पण इतक्या वर्षांत मी एकदाही तुला 'तू काय म्हणाली होतीस?' असं विचारलं नाही, आणि ते विचारायला मला एक पेपर हातचा जावा लागला. तुझ्याकडे एक निळं पदार्थविज्ञानाचं पुस्तक होतं, कव्हर घातलेलं, पुढच्या वर्षासाठी आधीच आणून ठेवलेलं. तू गेल्यावर ते माझ्याकडे आलं. मी त्यातूनच शिकले. कव्हरवर तुझं नाव होतं आणि मी त्याखाली माझं घातलं.

तुझी
भव्या


१४ जुलै १९९७

प्रिय अक्का,

हे थोडक्यात लिहिते, उद्याच्या तासाची तयारी व्हायची आहे.

प्रवेशाचे अर्ज वाटायला सुरुवात झाली. शनिवारी शिवलीला धाकट्या बहिणीला घेऊन आली. बहीण तिच्यामागे उभी, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत. शिवलीला म्हणाली, "मॅडम, हिला कॉम्प्युटरच पाहिजे म्हणते. मी म्हटलं, घे, पहिले आठवडे आमच्या मॅडम असतात, घाबरायचं नाही." मी तिला काही सांगू शकले नाही. बहिणीला विचारलं, "तुला काय वाटतं?" ती गप्प. मी पुन्हा विचारलं, कन्नडमध्ये, हळू. मग ती म्हणाली, "गणित आवडतं. इंग्लिशची भीती वाटते." मी त्यांना म्हटलं, पुढच्या सोमवारी या.

आज पद्मनाभ सरांच्या खोलीत गेले. बैठकीत एकदम काही बोलून त्यांना खाली बघायला लावणं मला बरं वाटेना.

"बस, बस. मास्तरांचा डोळा कसा आहे?"

"बरा आहे. सर, टिपणात सर्वांची संमती लिहिलं आहे. माझी नव्हती. मी ते बैठकीत सांगणार आहे."

त्यांनी पेनाचं टोपण लावलं. "त्या दिवशी तू काही बोलली नाहीस."

"नाही बोलले. हरकत नव्हती हे वाक्य तसंच राहू दे. संमतीचं वाक्य बदलावं आणि पेपर पुन्हा चर्चेला घ्यावा, एवढंच."

"भव्या, हे बघ. मला त्या मुलींचं वाईट नको आहे. गावाकडून येतात, पहिल्या टर्मला नापास होतात, वडील येऊन सामान उचलून घरी घेऊन जातात. दर वर्षी बघतो मी. ते बघवत नाही, म्हणून म्हटलं, घ्यायचंच नको."

"घेतलंच नाही तर सामानही आणणार नाहीत, सर."

ते हसले, पण हसणं लगेच गेलं. "मास्तरांना विचारलंस का?"

"त्यांना विचारण्यासारखं यात काही नाही."

"तुझी कायम करायची फाइल याच आठवड्यात माझ्याकडे येतेय. धमकी नाही देत. माहीत असावं म्हणून सांगतो. मी सही करीन. मॅडम काय करतील ते मला सांगता येत नाही. टिपण बदललं म्हणजे विद्यापीठाला परत लिहावं लागेल, आणि त्यांना ते मुळीच आवडत नाही. सरी?"

मी "सरी" म्हटलं नाही. म्हटलं, "ऐकलं, सर. पण मी सांगणार आहे."

अंजलीला सांगितलं तर तिने कपाळाला हात लावला. "आधी बोलायचं तेव्हा बोलली नाहीस, आता नोकरी टांगणीला लागल्यावर बोलणार. तुमचं साडेतीनशे वर्षांचं घराणंच अजब." पण मग म्हणाली की मी उभी राहिले तर तीही मॅडमना सांगेल की चर्चा झालीच नव्हती. मी ते धरून चाललेली नाही. तिचंही घर आहे.

बैठकीत पहिला विषय नेहमी एकच असतो. मागचं टिपण मोठ्याने वाचतात आणि बरोबर आहे का म्हणून विचारतात. चूक सांगायची ती तेवढ्यात. मॅडमची सही झाली की तेच खरं होतं. कदाचित माझं ऐकून घेतील आणि सही करतील. कदाचित पेपर परत येईल, नोकरी जाईल. शिवलीलाच्या बहिणीला सोमवारी काय सांगायचं हे त्यावर ठरेल. यातलं मला काहीच माहीत नाही. मी फक्त वाक्य पाठ केलं आहे: 'माझी संमती नव्हती, तसं लिहावं.' दमा उठला तर मध्ये थांबेन आणि पुन्हा पहिल्यापासून म्हणेन.

अण्णांना काल पहिल्यांदा चष्म्यातून ओळ वाचता आली. त्यांनी माझ्याकडे आंतर्देशीय पत्र मागितलं. ते टेबलावर कोरंच पडलं आहे. यापुढचं मला माहीत नाही, आणि मी वचन देत नाही.

तू फोन करू नकोस, पैसे जातात. पण त्या दिवशी सकाळी मी काय करते आहे हे तुला माहीत असावं असं वाटलं.

तुझी
भव्या

ता. क. बैठकीचा दिवस लिहायचा राहिला. येता गुरुवार, १७ जुलै.